सुतारकामाचा वारसा आणि निवड

कळमनुरीसारख्या शेतीच्या तालुक्यात बाभळीची तिफण घडवणाऱ्या सुताराचं काम ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारांनी आटवलं, हे खरं. म्हणून मुलांनी वडिलांचा धंदा सोडावाच, असं मात्र ठरत नाही. वडिलांकडून खरी मिळते ती पारख: लाकूड पुरतं वाळलं का, त्याची रेषा कुठे वळते, कुसू भोकात किती घट्ट ठोकायचं. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. हे हाताला उमगलेला कारागीर तिफण नसली तरी दाराची चौकट नेमकी बसवतो.

जन्मावरून धंदा ठरवणं म्हणजे पुन्हा बलुतेदारीच, हा आक्षेप वजनदार आहे. म्हणूनच मुलगा असो वा मुलगी, शिकावं स्वखुशीने, आणि दाम रोख मिळावा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना सुतारांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने कर्ज देते. पण लाभ कुटुंबात एकालाच, आणि अविवाहित मुलं त्याच कुटुंबात मोजली जातात. वडिलांच्या शेजारी बसून रंधा मारणाऱ्या लेकीला हा नियम आड येतो. हात तयार होण्याच्या नेमक्या वयात तिला मदत नाकारणं चूक आहे. निदान शिकाऊंसाठी ही अट शिथिल करावी.