फाईल कोणाच्या कपाटात?

(मेहकर इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी मॅट्रिक. गोदीत पोती वाहतो, रात्री कविता लिहितो. जर्मनीवर बोलणारा हा कोण, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. गोदीत एक गोष्ट पक्की कळते. पोती आम्ही उचलतो, आकडा टॅली क्लार्क लिहितो. तंटा झाला की आमच्या पाठीवरचे वळ कुणी मोजत नाही, टॅलीचा कागद बोलतो. म्हणून पहिला सवाल : कागद कुणाच्या ताब्यात?

हिटलरनं साठ लाख ज्यू मारले हे तुम्ही वाचलंय. त्याच छावण्यांत सिंती आणि रोमाही मेले. भटकी ठरवलेली माणसं. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्याच मुलखातून तिकडं गेलेले. १९३६ पासून रॉबर्ट रिटर नावाच्या डॉक्टरनं आणि त्याच्या माणसांनी यांची डोकी मोजली, नाकं मोजली, आज्या-पणज्याची वंशावळ काढली. सुमारे २४ हजार शेरे मारले. शेरा बसलेली हजारो माणसं ऑश्वित्झला गेली.

हिटलर मेला, कागद मेले नाहीत. रिटरच्या साथीदारांनी ते जपून ठेवले आणि पुढं त्यांच्यावरच संशोधन केलं. डोकं मोजणाऱ्याला कपाट उघडं, ज्याचं मोजलं त्याला बंद! वर १९५६ साली तिथलं सर्वोच्च कोर्ट म्हणालं, १९४३ च्या आधी यांना पकडलं ते वंशामुळं नाही, गुन्हेगारी वृत्तीमुळं. म्हणजे भरपाई नाही. आणि वंशावरून मोजल्याचा पुरावा त्या कपाटात पडलेला.

मग माणसं उठली. १९८० च्या ईस्टरला बारा सिंतींनी डाखाऊ छावणीच्या जागेवर उपोषण केलं. मागणी काय? पोलिसांकडच्या आमच्या फायली कुठं आहेत, सांगा. १ सप्टेंबर १९८१ ला त्यांनी ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या दप्तरखान्याचा ताबा घेतला आणि फायली कोब्लेंझच्या सरकारी दप्तरखान्यात न्यायला लावल्या. १९८२ साली जर्मन सरकारनं कबूल केलं, हा वंशसंहारच होता.

आरोल्सन गावात तर १ कोटी ७५ लाख माणसांच्या नोंदी आहेत. अकरा देशांनी मिळून ते दार संशोधकांना उघडलं २००७ साली. तोवर कैद्यांच्या खाजगीपणाचं कारण पुढं केलं जायचं. खाजगीपणा खोटा नाही. माझ्या आजीचा आजार चव्हाट्यावर का यावा? पण ज्याची नोंद, त्याच्या लेकराला कागद आधी मिळाला पाहिजे. आणि शेरा मारणाऱ्या साहेबाच्या नावाला पडदा नको.

आता इकडं बघा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण, माणसांची हजेरी. कायदा १९५२ ला गेला. सेटलमेंट म्हणजे ऑश्वित्झ, असं मी म्हणत नाही. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवणारी रजिस्टरं एकाच जातीची. आपल्यातल्या किती पोरांनी ती हजेरीपुस्तकं डोळ्यानं पाहिलीत?

आपल्या वऱ्हाडात कोतवाल बुक आहे. त्यात जन्म-मृत्यूची नोंद जातीसकट. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आज्याची नोंद मागायला मी रोजी बुडवून एका कचेरीत तीन खेपा घातल्या. उत्तर एकच : रेकॉर्ड जीर्ण झालंय. जीर्ण झालंय म्हणजे आहे ना? मग दाखवत काहून नाही?

दोस्तांनो, माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा आहे. घटना वीस वर्षांपूर्वीची असेल तर बहुतेक आडकाठ्या गळून पडतात. अर्जाला दहा रुपये लागतात. नाही म्हणाले तर 'नाही' लेखी घ्या, सहीशिक्क्यासकट, आणि अपील करा. एकट्यानं जाऊ नका, चौघं जा. म्हाताऱ्यांना विचारून गाव, साल, आज्या-पणज्याचं नाव आधी वहीत उतरवून घ्या. कविता मी लिहीनच, तुम्ही नकला काढा.

जयभीम!