शत्रू चालेल, पण कारण कळू द्या



गेल्या दिवाळीत इंदूरला बहिणीकडे गेलो होतो. भाचा लॅपटॉपवर राज्य चालवायचा गेम खेळत होता. सत्तर टर्न त्याने शेजारच्या राजाशी दोस्ती सांभाळली. त्याला लोखंड दिलं, त्याच्या लढाईत आपलं सैन्य पाठवलं. आणि अचानक त्याच राजाने याच्या राजधानीवर चाल केली. भाच्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "मामा, हा चीटिंग करतो."

आता माझी पंचाईत बघा. त्या राजाचं डोकं मीच लिहिलं होतं. फावल्या वेळात केलेला माझा मॉड होता तो.

रात्री लॉग काढून पाहिला. कॉम्प्युटरने काहीच चुकीचं केलं नव्हतं. राजधानी रिकामी होती, जिंकण्याची शक्यता चांगली होती, म्हणून हल्ला. पण राजधानी रिकामी का होती? भाच्याचं सैन्य त्याच राजाच्या मदतीला गेलं होतं म्हणून! माझ्या प्रोग्रामला सैन्य मोजता येत होतं, उपकार मोजता येत नव्हते.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. 'सिव्हिलायझेशन' हा गेम १९९१ साली आला. त्यातले गांधीजी अणुबॉम्बची धमकी देतात, हे अनेकांनी ऐकलं असेल. त्याचं कारणही सांगितलं जायचं: गांधीजींची आक्रमकता १ होती, लोकशाही आल्यावर त्यातून २ वजा झाले आणि आकडा उलटून २५५ झाला. छान गोष्ट आहे, पण खरी नाही. गेमचे कर्ते सिड मायर यांनी २०२० साली आत्मचरित्रात सांगितलं, की असा बग नव्हताच. अणुबॉम्ब हाती आला की सगळेच राजे तशी धमकी द्यायचे. गांधीजींच्या तोंडची तेवढी लक्षात राहिली.

मला यातून एक गोष्ट दिसते. कॉम्प्युटरने कारण सांगितलं नाही, तर माणूस ते स्वतः तयार करतो. कधी बग म्हणतो, कधी चीटिंग.

याचं चांगलं उत्तर २००५ च्या 'सिव्हिलायझेशन ४' मध्ये आहे. सोरेन जॉन्सन त्याचे मुख्य डिझायनर. तिथे राजाच्या नावावर माउस नेला की हिशेब समोर येतो: आपला धर्म एक, इतके अधिक, सीमा भिडतात, इतके उणे, आमच्या वैऱ्याशी व्यापार केलात, आणखी उणे. राजा रागावला तरी खेळणाऱ्याला ते पटतं.

मी तेच धरून तीन बदल केले. पहिला, खतावणी. मदत आणि दगा दोन्ही नोंदवायचे. मदत हळूहळू विसरायची, दगा फार उशिरा. दुसरा, इशारा. मित्रावर थेट हल्ला नाही. आधी नाराजी, मग करार मोडणं, मग दहा टर्नची सवड, मगच युद्ध. तिसरा, स्वभाव. एखादा राजा शब्दाचा पक्का, एखादा संधिसाधू. पण जो तो आपल्या स्वभावाला धरून.

पहिल्याच आठवड्यात भाच्याने पळवाट काढली. दर टर्नला एक नाणं भेट द्यायचं आणि निर्धास्त राहायचं! मग भेटीचं मोल राज्याच्या ऐपतीवर ठरवलं, आणि तीच भेट पुन्हा दिली तर कमी केलं.

आता प्रश्न उरतो: असा सभ्य शत्रू दुबळा नाही का होणार? थोडा होतो. इशारा दिला की समोरचा तटबंदी करतो. कॉम्प्युटरने जिंकण्यासाठीच खेळावं की राजासारखं वागावं, हा वाद जुना आहे. २०२२ साली मेटाच्या 'सिसेरो'ने 'डिप्लोमसी' या सात जणांच्या खेळात माणसांशी चॅट करत ४० डाव खेळले आणि एकाहून जास्त डाव खेळलेल्यांत वरच्या १० टक्क्यांत आला. त्याचं बोलणं त्याच्या ठरलेल्या चालींशी जोडलेलं होतं, म्हणजे बरंचसं खरं बोलण्यासाठीच त्याला घडवलं होतं. ज्या खेळात मदतीशिवाय जिंकता येत नाही, तिथे शब्दाला किंमत असतेच.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, हरलो. त्याने दहा टर्न आधी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही." आणि लगेच पुढे, "परत खेळतोय."

हरूनही परत खेळावंसं वाटणं, माझ्यासाठी तीच परीक्षा.