बंदूक, कायदा आणि लोकचळवळ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

२० जानेवारी २०२० रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या राजधानीत, रिचमंड येथे, विधिमंडळापुढे सुमारे २२,००० माणसे जमली. त्यांपैकी कित्येकांच्या खांद्यावर बंदुका होत्या. राज्यपाल राल्फ नॉर्थम यांनी आणीबाणी पुकारून विधिमंडळाच्या आवारात शस्त्रबंदी केली होती. त्यामुळे सुमारे ६,००० लोक शस्त्रे बाहेर ठेवून आत गेले. उरलेले सशस्त्र व निःशस्त्र लोक कुंपणापलीकडच्या रस्त्यांवर उभे राहिले. एकही गोळी सुटली नाही. राज्य सरकार आणू पाहत असलेल्या शस्त्रनियंत्रणाच्या कायद्यांना विरोध करण्यासाठी हा समुदाय आला होता. तो दिवस मार्टिन ल्यूथर किंग यांच्या स्मरणाच्या सुटीचा होता, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

या घटनेची पार्श्वभूमी अशी. ३१ मे २०१९ रोजी व्हर्जिनिया बीच येथील पालिका इमारतीत एका बंदूकधाऱ्याने बारा जणांचे प्राण घेतले. राज्यपालांनी जुलैमध्ये खास अधिवेशन बोलावले; रिपब्लिकन बहुमताने ते दीड तासात गुंडाळले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला दोन्ही सभागृहे मिळाली आणि कायदे होणार हे निश्चित झाले. तत्क्षणी ग्रामीण भाग उठला. आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल असा तेथील घटक म्हणजे काउंटी. एकेका काउंटीच्या मंडळाच्या बैठकीला शेकडो माणसे लोटली. काही आठवड्यांत शंभरांहून अधिक काउंट्या, शहरे व गावे यांनी ठराव करून स्वतःला शस्त्रहक्काची ‘अभयस्थाने’ म्हणून घोषित केले. हा शब्दही त्यांनी स्थलांतरितांना आश्रय देणाऱ्या शहरांकडून उचलला होता.

पुरोगामी मंडळींनी या उठावाची वासलात एका वाक्यात लावली: ही सारी बंदूक-कारखानदारांची करणी. असे म्हणणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे. बंदूक-व्यवसायाचा पैसा अमेरिकी राजकारणात मुरलेला आहे, याबद्दल वाद नाही. परंतु हिवाळ्याच्या रात्री कामावरून परतून सभागृहाबाहेर रांगेत उभा राहणारा माणूस भाडोत्री नसतो. दक्षिण व्हर्जिनियातील डॅनव्हिलची कापड गिरणी २००६ च्या सुमारास बंद पडली. मार्टिन्सव्हिलच्या परिसरातील कापड व फर्निचरचे कारखाने एकामागून एक गेले, नैर्ऋत्येकडील कोळसाखाणींत रोजगार आटत गेला. गिरणगाव ओसाड होताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे चित्र नवे नाही. काम गेले, संघटना गेली, तरुण गाव सोडून गेले. मागे उरलेल्या माणसाच्या हातात ‘माझे’ म्हणण्यासारखे फार थोडे राहिले. त्यात वाडवडिलांची शिकारीची बंदूक होती. राजधानीतून कारखाना आला नाही, रुग्णालय आले नाही; आला तो बंदुकीवरचा निर्बंध. अशा वेळी त्याने हक्काची भाषा बोलावी यात आश्चर्य कसले?

तथापि चळवळ लोकांतून उगवली एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही. याची साक्ष व्हर्जिनियाचाच इतिहास देतो. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तेव्हा याच राज्यात त्या निकालाविरुद्ध ‘प्रचंड प्रतिकारा’ची मोहीम उघडली गेली. प्रिन्स एडवर्ड काउंटीने काळ्या व गोऱ्या मुलांना एकत्र बसवण्यापेक्षा १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सार्वजनिक शाळांना कुलूप लावले. त्या मोहिमेलाही स्थानिक पाठिंबा होता, तिनेही स्वायत्ततेचा जप केला.

शस्त्रहक्काचा इतिहासही याहून निर्मळ नाही. १९५६ मध्ये घरावर बॉम्ब पडल्यानंतर किंग यांनी अलाबामात पिस्तुलाचा परवाना मागितला. तो नाकारण्यात आला. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथरचे तरुण उघड्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले, तेव्हा मलफर्ड या रिपब्लिकन आमदाराने भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यावर बंदी आणणारे विधेयक मांडले आणि राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी त्यावर सही केली. हक्क तोच, फक्त धारकाच्या कातडीचा रंग बदलला होता.

आपल्या देशालाही हा प्रश्न अपरिचित नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परकी सरकारने हिंदी जनतेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना सवलत दिली. म्हणूनच १९३० मध्ये गांधीजींच्या अकरा मागण्यांत आत्मसंरक्षणार्थ शस्त्रपरवान्यांची मागणी होती. मात्र ‘लोकनियंत्रणाखाली’ ही अट त्यांनी सोडली नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली. असा सरसकट हक्क तत्कालीन परिस्थितीत हितावह नाही, अशी भूमिका डॉ. आंबेडकरांनी घेतली. अखेर संविधानाने नागरिकाला एकत्र जमण्याचा हक्क दिला तो शांततेने व विनाशस्त्र. ‘विनाशस्त्र’ या शब्दाचे मोल रिचमंडकडे पाहून कळते. ज्या चौकात एका बाजूच्या खांद्यावर बंदूक आहे, तेथे दुसऱ्या बाजूचा निःशस्त्र माणूस बोलायला येईलच असे नाही. सभा शांत राहिली, हे खरे; पण कोण आलेच नाहीत, याची मोजदाद कोणी केली?

आणखी एक हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मांडलाच पाहिजे. २०१९ मध्ये अमेरिकेत बंदुकीने सुमारे ३९,७०० माणसे मेली. त्यांपैकी सुमारे २४,००० आत्महत्या होत्या. म्हणजे दारात येणाऱ्या शत्रूसाठी ठेवलेली बंदूक बहुतेकदा घरच्याच माणसाच्या हाती घरच्याच माणसाचा जीव घेते. उजाड गावाला जी वस्तू आधार वाटते, तीच त्याच्या निराशेचे हत्यार ठरते.

पुढे काय झाले? त्या ठरावांना कायद्याचे बळ नाही, असे राज्याच्या महाधिवक्त्यांनी आधीच सांगितले होते. एप्रिल २०२० मध्ये खरेदीदाराची पूर्वतपासणी, महिन्याला एकच पिस्तूल, धोकादायक व्यक्तीकडील शस्त्रे तात्पुरती काढून घेणे इत्यादी कायदे झाले आणि १ जुलैपासून लागू झाले. मात्र लष्करी धर्तीच्या बंदुकांवरील बंदीचे विधेयक फेब्रुवारीतच सिनेटच्या समितीत १० विरुद्ध ५ मतांनी बाजूला पडले. चार डेमोक्रॅट सदस्य विरोधकांना मिळाले. संघटित लोकांनी प्रतिनिधींना घाबरवले, असा याचा अर्थ.

मित्रहो, कार्यकर्त्याने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. शस्त्रनियंत्रणाचा कायदा आवश्यक आहे; पण तो सर्वांना समान लागू व्हावा आणि पोलिसांच्या लहरीवर न चालता लोकनियंत्रणाखाली चालावा. आणि ज्या गावात कायदा पोचवायचा, तेथे कायद्याआधी काम, शाळा व दवाखाना घेऊन कार्यकर्ता पोचला पाहिजे. समाजवादी चळवळीने रिकामी ठेवलेली जागा रिकामी राहत नाही. तेथे कोणीतरी बंदूक घेऊन उभा राहतो, आणि लोक त्यालाच आपला रक्षणकर्ता मानू लागतात.