बाटलीवरचा दावा आणि हाती असलेला पुरावा

सहकारी डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट मित्रमैत्रिणींनो, अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांत आता व्हिटॅमिनच्या गोळ्यांशेजारी प्रोबायोटिकची बाटलीही दिसते. त्याबद्दल माझे म्हणणे एवढेच आहे : ‘पोटासाठी चांगले’ म्हणून प्रोबायोटिक सरसकट सुचवणे आपण थांबवले पाहिजे. कोणता जिवाणू, किती मात्रेत आणि कोणत्या तक्रारीसाठी, हे सांगता आले तरच त्याला उपचार म्हणावे.

जागतिक आरोग्य संघटना व अन्न-कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेल्या व्याख्येत सूक्ष्मजीव जिवंत असणे, मात्रा पुरेशी असणे आणि आरोग्याला लाभ होणे या तिन्ही अटी आहेत. अमेरिकेत मात्र १९९४ च्या कायद्यामुळे प्रोबायोटिकसारखा पूरक आहार विकण्याआधी त्याची परिणामकारकता अन्न व औषध प्रशासनापुढे (एफडीए) सिद्ध करावी लागत नाही. म्हणून बाटलीच्या दर्शनी भागावर पचनाला आधार देण्याचा दावा आणि अब्जावधी सीएफयूचा, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या मोजणीचा, आकडा ठळक असतो. मागे बारीक अक्षरांत लिहिलेले असते की, या विधानाची एफडीएने तपासणी केलेली नाही आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या निदानासाठी, उपचारासाठी वा प्रतिबंधासाठी नाही. तो अब्जांचा आकडाही कित्येकदा निर्मितीच्या वेळचा असतो. गोळी पोटात जाईपर्यंत त्यातले किती जिवंत राहतात, हा प्रश्न उरतोच.

पुरावा काय सांगतो? २०१८ साली अमेरिकेतल्या दहा बाल-आपत्कालीन विभागांत, जुलाब-उलट्या झालेल्या ९७१ मुलांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. एलजीजी हा नावाजलेला जिवाणू प्लासिबोपेक्षा सरस ठरला नाही. उलट, अँटिबायोटिक घेणाऱ्यांवरील ३१ चाचण्यांच्या २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात प्रोबायोटिकमुळे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल जुलाबांचे प्रमाण ४ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आलेले दिसले. पण हा फायदा प्रामुख्याने आधीच जास्त धोका असलेल्यांना झाला. अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० साली मोजक्याच परिस्थितींत, ठरावीक जिवाणूंची सशर्त शिफारस केली.

‘फायदा नसला तरी अपाय तर नाही ना?’ असे विचारले जाते. निरोगी माणसात धोका कमी असतो, हे खरे. पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला तीच खात्री देता येत नाही. मुदतपूर्व बाळांतील गंभीर संसर्गाच्या धोक्याबद्दल एफडीएने २०२३ साली डॉक्टरांना सावध केले आहे. ‘पेशंटला बरे वाटते’ हा दुसरा आक्षेप. ते बरे वाटणे खोटे नव्हे. पण पोटाच्या पुष्कळ तक्रारी आपोआप ओसरतात, म्हणून श्रेय ठरवायला तुलनेचा गट लागतो. तिसरा आक्षेप दही-ताकाचा : त्यातही असे जिवाणू असतातच ना? स्टॅनफर्डच्या २०२१ मधील ३६ निरोगी प्रौढांच्या अभ्यासात आंबवलेल्या पदार्थांनी आतड्यातील सूक्ष्मजीवांची विविधता वाढली. अभ्यास लहान आहे, तरी आशादायक आहे. ताक, आंबोळी जरूर खावी, पण अन्न म्हणून. घरच्या विरजणात कोणते जिवाणू किती आहेत, हे आपल्याला ठाऊक नसते.

म्हणून माझी आपणा सर्वांना विनंती आहे. प्रत्येक पेशंटला गोळ्यांबरोबर पूरक आहाराबद्दलही विचारा. प्रोबायोटिक सुचवायचेच असेल, तर जिवाणूचे पूर्ण नाव, मात्रा, कारण आणि बंद करण्याची तारीख लिहून द्या. कारण लिहिता येत नसेल, तर पेशंटचे पैसे वाचवा. आपल्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात; त्या विश्वासाला पुराव्याचा आधार देणे आपले कर्तव्य आहे.