चौशिंग्याचा शिधा

१९४५ साली डहाणू भागात वारल्यांनी गवतकापणीच्या मजुरीसाठी संप केला. गवताचे वजन आम्हां वरोरकरांना ठाऊक आहे. पण पिंजऱ्यातल्या चौशिंग्याला वजनाने गवत घालून भागत नाही. भारत-नेपाळबाहेर रानात न आढळणारे, विसेक किलोंचे हे लाजाळू कुरंग. शिंगे चार, तीही नरालाच! पोट लहान, वाळला भारा त्याला सोसत नाही. कोवळा पाला, फुले, बोरे, आवळे वेचून थोडेथोडे खाणार. पाणी रोज हवे. चरणे पहाटे नि सांजेला; दुपारी झुडपाआड रवंथ. लेंड्याही ठरल्या जागी, म्हणून प्रकृती ओळखणे सोपे. भर दुपारी चारा टाकणे ही कचेरीची सोय, जनावराची नव्हे. दोन पाळ्या लावा, आणि राखणदाराला दुसऱ्या पाळीचा पगारही द्या.