वडिलांचं 'जनता'



भिवंडीत तीनबत्तीजवळच्या एका घड्याळजींपुढे मी वडिलांचं एचएमटी 'जनता' ठेवलं. डोळ्यावरचं भिंग न काढताच चाचांनी विचारलं, "चालू करायचं, की नवं करायचं?"

मला वाटत होतं, दोन्ही एकच.

वडील यंत्रमागावर जॉबर होते. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. मागावरून धोटा कधी उडेल याचा नेम नसतो. तरी एकदा तो लागलाच. केसच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढी खाच आहे, तिच्यातून पितळ डोकावतं. डायल चहा सांडल्यासारखी पिवळी पडलेली. त्यावरचं देवनागरी 'जनता' मात्र शाबूत.

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं करायला घेतली. 17 ज्वेल्सचं, रोज चावी द्यायचं 'जनता' त्यातलं अगदी साधं. 2016 मध्ये केंद्र सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. आता शौकीन जुना माल शोधत फिरतात. मुंबईत तर जुन्या डायली लाल, निळ्या, हिरव्या रंगवून घड्याळं विकण्याचा धंदाच आहे. जाणकार त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे!

चाचांनी मागचं झाकण उघडलं. तेल वाळून डिंकासारखं झालेलं. तशीच चावी देत राहिलं तर चक्रांच्या आसांची टोकं झिजतात. म्हणून यंत्र खोलून धुवायचं, नवं तेल घालायचं. तिथे हळवेपणा कामाचा नाही. डायलीचं उलट. ती एकदा पुसली की कारखान्याची छपाई गेली. केसला बफिंग केलं तर कडा बोथट होतात, आणि मुलाम्याची असेल तर खालचं पितळच उघडं पडतं.

"आतलं सगळं करा चाचा, डायलीला आणि केसला हात लावू नका," मी म्हटलं. काच मात्र तडकलेली होती. ओल आत जाईल म्हणून तेवढी बदलून घेतली.

घरी आईने घड्याळ कानाला लावलं. बराच वेळ ऐकत राहिली. मग काचेवरून अंगठा फिरवला आणि थांबली.

"तडा कुठे गेला रे?"

नशीब, चाचांनी जुनी काच कागदाच्या पुडीत बांधून दिली होती. आईने ती पुडी न उघडताच आपल्या कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवली. घड्याळ माझ्याकडे आहे.