घरची डागडुजी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यांत झालेलें भाषण)



महोत्सवसमितीनें मला 'कुटुंब आणि गृहव्यवस्था' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां मीं प्रथम नकारच दिला. कुटुंबाविषयीं बोलण्यास धर्मगुरू अधिक समर्थ आहेत, आणि गृहव्यवस्थेविषयीं बोलण्याचा अधिकार आमच्या घरांत तरी मला नाहीं. मीं आयुष्यभर मुलांना सुतारकाम व जोडारीकाम शिकविलें. म्हणून विषयाचें क्षेत्र मीं आपण होऊन आंखूड करून घेतलें आहे. घरांत जें मोडतें, गळतें, सैल होतें, तें घरच्या माणसांनीं आपल्या हातानें नीट करणें, एवढ्यापुरतेंच मी बोलणार आहे. संत योसेफ सुतार होते, हें वाक्य येथें येईल अशी कित्येकांची अपेक्षा असेल. तें आतां येऊन गेलें. त्यावर प्रवचन करणें हें माझें काम नव्हे.

आमचें घर वसई तालुक्यांतील एका वाडींत माझ्या आजोबांनीं १९३६ सालीं बांधलें. खालीं ओटी, माजघर व स्वयंपाकघर. वर लांकडी माडी. आणि सर्वांवर मंगळुरी कौलें. हीं कौलें काढण्याचा पहिला कारखाना बाझेल मिशनच्या लोकांनीं १८६५ सालीं मंगळुरास उभारला. नळीच्या कौलांचें घर दरसाल शाकारावें लागतें, कारण तीं नुसतीं एकमेकांवर टेकलेलीं असतात. मांजर धांवलें तरी सरकतात. मंगळुरी कौलाला खालच्या बाजूस नाकें असतात, तीं रिपेला अडकून राहतात. तरीही आंब्याच्या झाडाखालीं घर असेल तर कोणत्याही कौलाचा भरंवसा धरूं नये, हें मी अनुभवानें सांगतों.

माझे वडील वैशाखांत एक दिवस छपरावर चढत आणि मला माडींत उभें करीत. गळतीचा खोडसाळपणा असा कीं, पाणी जेथें शिरतें तेथें तें टिपकत नाहीं. फुटक्या कौलांतून आंत आलेलें पाणी रिपेवरून वाशावर, वाशावरून खालीं धांवत जातें आणि चार हात दूर, नेमकें अंथरुणावर पडतें. नवखा माणूस अंथरुणावरचें कौल बदलतो, आणि पुढच्या सरीला गळती तशीच! म्हणून भर दुपारीं माडीचीं दारें लावून अंधार करावयाचा आणि उजेडाचा ठिपका शोधावयाचा. ठिपका दिसला कीं त्यांतून मी झाडूची काडी वर सारीत असें, आणि वडील बाहेरून ती काडी पाहून तेवढेंच कौल बदलीत. वरचें कौल जरा उचलून सरकविलें कीं खालचें मोकळें होतें. सारें छप्पर उसकटण्याचें कारण नसतें. पुष्कळ वेळां कौल फुटलेलेंही नसे. पन्हळींत पालापाचोळा सांचून बांध झालेला असे, आणि तुंबलेलें पाणी कौलाच्या कडेवरून आंत उतरत असे. अशा वेळीं औषध म्हणजे एक केरसुणी!

त्या काडीचें मला फार अप्रूप वाटे. आपण आंत अंधारांत आहों, वडील बाहेर उन्हांत आहेत, आणि मध्यें एक काडी दोघांना बोलती करते आहे. एरवीं आमचे वडील मुलांशीं फारसे बोलत नसत.

त्यांना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. "आमच्या घराला सुताराचा हात कधीं लागला नाहीं," असें ते लग्नाकार्यांत, बाजारांत, कोठेंही सांगत. तें खरेंही होतें. रहाटाचा दांता, खाटेची दोरी, दाराची बिजागरी, सारें तेच करीत, आणि चांगलें करीत. या अभिमानाविषयींच मला आज मुख्यत: बोलावयाचें आहे. त्यापायीं आमच्या घरांत काय झालें तें सांगण्यास मला या वयांतही जड जातें; परंतु तें टाळून बोललों तर हें भाषण नुसती हत्यारांची यादी होईल.

माडीवर जाण्यास लांकडी जिना होता. जिन्याच्या दोन बाजूंच्या फळ्यांना आंतून पट्ट्या ठोकलेल्या, आणि त्या पट्ट्यांवर पायऱ्या टेकलेल्या, अशी त्याची रचना. १९७४ सालच्या उपवासकाळांत आईच्या ध्यानांत आलें कीं वरून तिसरी पायरी हलते. तिनें सांगितलें, "अहो, ती तिसरी पायरी डुगडुगते." वडील म्हणाले, "रविवारीं करतों." रविवार आला, रविवारीं काम करावयाचें नाहीं, म्हणून सोमवारावर गेलें. सोमवारीं केळींना पाणी लावावयाचें होतें. पुढें पानवेलीचें काम निघालें, मग लग्नसराई, मग छप्पर. आईनें तीनदां सांगितलें. चौथ्यांदां तिनें एवढेंच विचारलें कीं, शेजारच्या आळीतल्या सुताराला निरोप धाडूं काय? वडिलांना तें लागलें. दोन दिवस ते तिच्याशीं बोलले नाहींत. त्यानंतर आमच्या घरांत तिसऱ्या पायरीचा उच्चार झाला नाहीं. आम्ही सारे तिच्यावर पाय न ठेवतां दुसरीवरून चौथीवर जाऊं लागलों. बिघाडाची संवय होते, बंधुभगिनींनो, आणि संवय झाली कीं तो दिसत नाहीं.

जुलै महिन्यांत, संध्याकाळीं, मुसळधार पाऊस चालू असतां, आई माडीवर वाळत घातलेले कपडे दोन्ही हातांत घेऊन उतरत होती. हात भरलेले असल्यामुळें तिला पाय दिसत नव्हते. पायरी पालथी झाली. खुब्याचें हाड मोडलें. चार महिने ती अंथरुणावर होती, आणि पुढें काठीच्या आधारानें चालूं लागली. परंतु १९८८ सालीं ती वारली तोंपर्यंत, चौदा वर्षें, ती माडीवर पुन्हां कधीं चढली नाहीं. माडीच्या खिडकींतून आमची सारी वाडी दिसत असे. आम्ही कोणी वरून खालीं आलों कीं ती विचारी, "केळीं किती घड धरलेत रे?"

त्या रात्रीं आईला इस्पितळांत पोहोंचवून आल्यावर वडिलांनीं कंदील माझ्या हातीं दिला आणि जिना दुरुस्त केला. बिघाड अगदीं साधा होता. पट्टीचा एक खिळा गंजून झिजला होता आणि दुसरा सैल झाला होता. उन्हाळ्यांत लांकूड सुकून आखडतें, पावसाळ्यांत फुगतें. असें वर्षानुवर्षें चाललें म्हणजे खिळ्यावरची लांकडाची पकड सुटते, आणि मग तो कितीही ठोकला तरी पुन्हां वर येतो. तेथें मळसूत्राचा स्क्रूच पाहिजे, कारण तो आपल्या आट्यांनीं लांकडांत रुततो. वडिलांनीं नवी पट्टी कापली, गिरमिटानें आधीं भोंकें पाडलीं, चार स्क्रू आंवळले आणि वर उभें राहून पायरी दाबून पाहिली. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाले, "पंधरा मिनिटें." त्या रात्रीं ते जेवले नाहींत.

दुसऱ्या आठवड्यांत त्यांनीं स्वयंपाकघराच्या दारामागें खिळ्याला एक वही टांगली. घरांतील कोणाही माणसानें, लहानानेंसुद्धां, कांहीं मोडलेलें दिसलें तर तारीख घालून त्यांत लिहावयाचें. आणि आठ दिवसांत ज्या ओळीवर काट बसणार नाहीं, त्या कामाला बाहेरचा कारागीर बोलवावयाचा. पहिली ओळ आईनें अंथरुणांतून लिहून घेतली: 'माडीची खिडकी वाऱ्यानें वाजते.' निजून निजून तिला घराचे सारे आवाज ऐकूं येत असले पाहिजेत. ती खिडकी वडिलांनीं त्याच रात्रीं बसविली. दोन वर्षांनंतर दरवाजाच्या चौकटीसाठीं आमच्या घरांत पहिला सुतार आला. वडिलांनीं त्याला स्वत: चहा नेऊन दिला, आणि तो काम करीत असतां दिवसभर त्याच्याजवळ बसून राहिले.

आतां थोडें माझ्या स्वत:च्या प्रमादाविषयीं. बापाचा अभिमान मुलांत उतरतो. त्याला वही पुरत नाहीं. १९८३ सालीं, माझें लग्न होऊन दोन वर्षें झालीं होतीं, आमचा विजेचा फ्यूज वरचेवर जाऊं लागला. दर खेपेस बारीक तार बदलण्याचा कंटाळा येऊन मीं एकदां जाड तांब्याची तार बसविली, आणि आपण मोठी युक्ति केली असें मला वाटलें. फ्यूजची तार बारीक असते ती वितळण्यासाठींच. वाजवीपेक्षां अधिक वीज वाहूं लागली कीं ती स्वत: जळते आणि भिंतींतल्या तारा वांचविते. मीं ती जाड केली, म्हणजे जळण्याचें काम भिंतींतल्या तारांवर सोंपविलें. तिसऱ्या रात्रीं पत्नीला करपल्याचा वास आला. पाळण्यामागची भिंत हाताला गरम लागत होती. पाळण्यांत आमची सहा महिन्यांची मुलगी होती. याहून अधिक सांगत नाहीं. आतां बहुतेक घरांत फ्यूजऐवजीं आपोआप पडणारी कळ असते. ती पुन्हां पुन्हां पडूं लागली तर ती नादुरुस्त आहे असें म्हणून तिच्यावर रागावूं नका, ती काय सांगते आहे तें जाणत्या वायरमनला विचारा. विजेच्या कामांत मी आजही परवानाधारक माणसालाच बोलावितों, आणि मला त्याची लाज वाटत नाहीं.

भिंतींविषयीं एकच तक्रार करतों. जुन्या घरांच्या भिंती चुन्याच्या आहेत. त्यांना ओल आली कीं लोक वरून सिमेंटचा गिलावा थापतात. सिमेंट कठीण खरें, पण तें भिंतीला श्वास घेऊं देत नाहीं. जमिनींतून चढलेली ओल चुन्यांतून बाहेर पडून वाळत असे. ती आतां आंतच कोंडते, आणखी वर चढते, आणि दोनचार पावसाळ्यांत सिमेंटचा पोपडा चुन्याला घेऊन खालीं पडतो. चुन्याच्या भिंतीला चुनाच लावावा. तो हवेंतील कर्बवायु शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून त्याला धीर लागतो. आणि धीर बाजारांत मिळत नाहीं, सिमेंट मिळतें.

आणखी एक गोष्ट मला बायकांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. पुरुषानें महिन्यांतून एक खिळा ठोकला तर त्याला दुरुस्ती म्हणतात. आईनें रोज रात्रीं फाटक्या सदऱ्याला ठिगळ लावलें, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, कंदिलाची वात कातरली, तर त्याला कांहींच म्हणत नाहींत. आमच्या वडिलांच्या हत्यारांना स्वतंत्र पेटी होती. आईच्या सुयादोऱ्यांना बिस्किटांचा गंजका डबा होता. ती पेटी आणि तो डबा दोन्ही आज माझ्याकडे आहेत, आणि खरें सांगावयाचें तर डबा अधिक वेळां उघडावा लागतो.

तें घर २००९ सालीं आम्हीं उतरविलें. तिसरी पायरी मात्र मीं काढून ठेविली. ती सागाची आहे. रंधा मारल्यावर आंतून नव्यासारखी निघाली. सध्यां ती आमच्या स्वयंपाकघरांत फळी म्हणून लावली आहे, अर्थात् स्क्रूंवर, आणि तिच्या खालींच ती वही टांगलेली आहे. सध्यांची वही सातवी. गेल्या आठवड्यांत माझ्या नातीनें तिच्यांत लिहिलें, 'आजोबांचा चष्मा सैल आहे.' काट अजून बसलेली नाहीं. आठ दिवस परवां पुरे होतात.

वेळ संपत आल्याची खूण अध्यक्षांनीं केली आहे. मागील बाजूस, पाण्याच्या पिंपाशेजारीं, एका मेजावर मीं एक जुना नळ, पाना आणि रबरी वायसर मांडून ठेविले आहेत. ज्या नळांतून सेकंदाला एक थेंब गळतो, त्यांतून दिवसाला ८६,४०० थेंब जातात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी हें चार लिटरांहून अधिक पाणी झालें. उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहणाऱ्यांना याचा अर्थ मीं सांगावयास नको. आधीं मुख्य कळ बंद करावयाची, मोरीच्या भोंकावर फडकें टाकावयाचें म्हणजे स्क्रू वाहून जात नाहीं, आणि मग नळ उघडावयाचा. जेवणाच्या सुटींत ज्यांना शिकावयाचें असेल त्यांनीं यावें. मुलींनीं अवश्य यावें. एकानें पाना धरावा आणि दुसऱ्यानें पाहावें असें करूं नका. वायसर पुष्कळ आणले आहेत, प्रत्येकानें आपल्या हातानें एकदां बसवून पाहावा.